आप्पांचे सात सूत

आमच्या आप्पा मिस्तरींसमोर कुणी 'सेंटीमीटर' म्हटलं, की ते हातातला रंधा बाजूला ठेवत, उपरण्याने कपाळ पुसत आणि आपल्या अहिराणीत म्हणत, "या सर, बसा. आज निकाल लायीच टाकू." निकाल कधीच लागला नाही. तळोद्यात माझ्या शाळेच्या फाटकासमोर त्यांचं सुतारकामाचं दुकान. आता तिथे कुलूप आहे, आप्पा मुलाकडे सुरतेला गेलेत. पण मी गणिताचा मास्तर आणि ते फुटा-इंचाचे कट्टर, मधल्या सुट्टीत आम्ही असे भांडायचो की चहा निवून जायचा. खरं सांगतो, त्या भांडणाइतकी मजा मला दुसऱ्या कशात आली नाही.

इंचाचे आठ भाग केले की त्यातला एक म्हणजे सूत. त्याहून बारीक माप देवालाही लागत नाही, असं आप्पांचं ठाम मत. "आप्पा, जग दशमान झालं! दहाने गुणा, दहाने भागा, मोकळे व्हा," मी म्हणायचो. त्यावर ते शांतपणे विचारत, "तुमनी भाचीना बायोडाटामा उंची काय लिखी? एकशे सत्तावन्न, का पाच फूट दोन?" पाच फूट दोनच लिहिली होती, आणि तीही माझ्याच हाताने.

मीही सोडतो थोडाच! एकदा त्यांच्याकडे प्लायवूड उतरत होतं. "आठ बाय चार ना? आणि जाडी?" आप्पा पुटपुटले, "अठरा एमेम." मी भर रस्त्यात टाळी वाजवली. "लांबी-रुंदी मन्ही, जाडी कंपनीनी," असं म्हणून त्यांनी हात झटकले. पण उट्टं काढल्याशिवाय राहतील तर ते आप्पा कसले! मेमध्ये मी तापाने फणफणलेला, गोळ्या घेऊन त्यांच्या दुकानात टेकलो, तर म्हणाले, "बाहेर चव्वेचाळीस डिग्री शे, तुमना आंगमा एकशे दोन. मंग बाहेरच बसा ना सर, तठे गारवा शे!"

त्याच वर्षी रमिला आमच्या शाळेत आली. धडगावकडच्या डोंगरातली, नववीतली, वसतिगृहात राहणारी. कुंपणावरून अशी उडी मारायची की बघणाऱ्याचा श्वास अडकावा. जिल्ह्याच्या निवड चाचणीत उंच उडीत उतरली तर तिला क्रीडा प्रशिक्षणाची जागा मिळणार होती, राहणं-खाणं-शिक्षण सगळं. नाहीतर दिवाळीनंतर आईबापांबरोबर गुजरातेत ऊसतोडीला जायचं घरात ठरलेलंच होतं. एका ओळखीच्या प्रशिक्षकांनी मला फोनवर सांगितलं, "साडेचार फूट उडाली की पोरगी आत."

मी लगेच आप्पांकडून लाकडी खांब करून घेतले. एक फूट म्हणजे तीस सेंटीमीटर, साडेचार फूट म्हणजे एकशे पस्तीस. तिथे काठी टेकवायला खुंटी मारा, म्हटलं. आप्पांनी माझी शाळेची फूटपट्टी उचलली आणि नख टेकवलं. "बारा इंच अठे सरनात. तुमना तीस त्याना आधीच सरना. मधली जागा कोठे गयी?" अपूर्णांक पुस्तकात होता, मला माहीतही होता. पण मला स्वच्छ आकडे आवडतात. "एवढ्याशाने काय आभाळ कोसळतं!" मी म्हणालो. आप्पांनी फूटपट्टी मला परत दिली आणि हातोडी उचलली. मला वाटलं, जिंकलो! खांबावर मी स्वतः पांढऱ्या रंगाने १३५ लिहिलं. रमिलाने दोन महिने त्या खांबांवर घाम गाळला, आणि शेवटच्या आठवड्यात दहापैकी नऊ वेळा ती काठी ओलांडायला लागली.

चाचणीला नंदुरबारला आप्पाही आले, कडक इस्त्रीचा सदरा घालून. पंचांनी टेप लावली आणि पुकारलं, "एकशे सदतीस!" मी धावत गेलो. "साहेब, साडेचार फूट म्हणजे पस्तीस ना?" ते हसले. "गुरुजी, सदतीस. मुलांना काय शिकवता?" दोन महिने मी पोरीला दोन सेंटीमीटर खाली उडवत होतो, आणि तिचं सगळं आयुष्य त्या दोन सेंटीमीटरच्या वर होतं.

पहिल्या उडीत काठी पडली. दुसऱ्या उडीतही टाच लागली. मला बघवेना. तिसऱ्या वेळी रमिलाने डोळे मिटून श्वास घेतला, धावली, उठली... आणि काठी जागची हलली नाही! मैदान ओरडलं, मी ओरडलो, शेजारच्या शाळेचे मास्तर माझ्या गळ्यात पडले.

आप्पा मात्र जागेवरच बसून डोळे पुसत होते. मी धापा टाकत त्यांच्याकडे गेलो. "आप्पा, चमत्कार झाला! खुंटी पस्तीसवर होती हो, माझी चूक..."

"पस्तीसवर नव्हती," आप्पा म्हणाले. "सात सूत वर व्हती. पयला दिनपासून."

सात सूत म्हणजे जवळपास सव्वादोन सेंटीमीटर; खुंटी बरोबर एकशे सदतीसवर होती. दोन महिने त्यांनी मला माझं १३५ मिरवू दिलं होतं. "मग मला सांगितलं का नाही?"

"सांगं व्हतं. तुम्ही ऐकं का? मंग म्हंतं, वाद तुमना-मन्हा शे, उडी पोरनी शे."

चाचणीला आलेले माझे विद्यार्थी बघत होते. तरी मी वाकलो आणि आप्पांच्या पायाला हात लावला.