प्राण्यांची निगा राखल्याबद्दल आभार

मी खुर्चीवरून उठले आणि मुरलीनं कीबोर्ड पुसला. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून, एकेक बटण. मी अजून दारातच होते. त्यानं मला पाहिलं. हात थांबला नाही. "उंदरांमधून येतेस ना तू," तो हिंदीत म्हणाला, "इन्फेक्शन होतं."

मी मान हलवली. येण्याआधी मी साबणानं तीनदा हात धुतले होते. थोड्या वेळानं आमच्याच लॅबमधला दुसरा एक विद्यार्थी त्याच पिंजऱ्यांवरून आला आणि त्याच खुर्चीत बसला. तो उठल्यावर कुणी काही पुसलं नाही.

नव्वदच्या दशकातलं बेंगळूर. मी निपाणीची. आई तंबाखूच्या वखारीत कामाला. वडील मेलेली जनावरं ओढायचे, सोलायचे. धारवाडला एम.एस्सी. करून मी इथल्या एका संशोधन संस्थेत पीएच.डी.ला आले. राखीव जागेवर. मुरली माझा सीनियर. आमच्या लॅबमध्ये सापाच्या विषावर काम चाले. विषातलं एक प्रथिन उंदराला टोचायचं. उंदराचं शरीर त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं. ती अँटिबॉडी त्या प्रथिनाला नेमकी कुठं पकडते, हे कॉम्प्युटरवर शोधायचं. मला तेच करायचं होतं. त्यासाठीच मी आले होते.

आमचे गाईड सर बेंगळूरच्या जुन्या मराठी घराण्यातले. पहिल्या दिवशी ते माझ्याशी मराठीत बोलले, तेव्हा मला भरून आलं होतं. त्यांनी माझा फॉर्म वाचला. वडील काय करतात विचारलं. मी खरं ते सांगितलं. मग ते अगदी मायेनं म्हणाले, "म्हणजे तुला जनावरांची सवय असणार. तू उंदरांचं बघ. कॉम्प्युटर मुरली बघतो. सरी?"

सरी म्हणजे कानडीत ठीक. मीही सरी म्हटलं.

दोन वर्षं उंदरांचं बघितलं. टोचणं, शेपटीतून रक्त काढणं, पिंजरे धुणं. कपड्यांना वास बसला तो जाईना. बाकीचे विद्यार्थी सरांच्या इंदिरानगरच्या घरी जेवायला जात, दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर त्या जेवणाची चर्चा करत. पिंजऱ्यांवर मुनियप्पा अण्णा कामाला होते. वयानं वडिलांएवढे. एकदा त्यांनी माझ्या हातातून ब्रश काढून घेतला. "अक्का, हे माझं काम. तुम्ही शिकायला आलात ना?"

मी दुसरा ब्रश उचलला.

पण जाणार कुठं? फेलोशिपच्या कागदावर सरांची सही. हॉस्टेलच्या खोलीसाठी सरांची सही. गाईड बदलायचा तर त्या अर्जावरही सरांचीच सही. घरी पत्रात 'बरं चाललंय' याच्यापलीकडे मी काही लिहीत नव्हते. आईनं वखारीत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, लेक डॉक्टर होणार. श्वास घ्यायचा तोसुद्धा सरांना विचारून, असं झालं होतं.

दुपारी एक ते दोन मुरली जेवायला जाई. तेवढा वेळ कॉम्प्युटर रिकामा. मी जेवण सोडलं. प्रोग्राम पिंजऱ्यांशेजारी बसून कागदावर लिहायचा आणि त्या तासात भराभर टाइप करायचा. बाहेरच्या प्रयोगशाळांनी शोधलेल्या अँटिबॉडींच्या रचना तेव्हा सीडीवर येत. एकेक अणू कुठं आहे याचे नुसते आकडे. माझा प्रोग्राम अँटिबॉडीचा प्रत्येक अणू आणि तिनं पकडलेल्या प्रथिनाचा प्रत्येक अणू यांच्यातलं अंतर मोजायचा. जे एकमेकांना भिडतात तेवढे वेगळे काढायचा. पहिल्यांदा यादी पडद्यावर उतरली तेव्हा मी एकटीच हसले. त्या दिवशीही मुरलीनं कीबोर्ड पुसला. रोजच पुसायचा.

आमच्या अँटिबॉडीचं मॉडेल मुरलीनं बनवलं होतं. ते माझ्या प्रोग्रामात घातलं तर काहीच धड भिडेना. आठवडाभर मला वाटलं, चूक माझीच. मग अँटिबॉडीतल्या अमिनो आम्लांच्या क्रमाचा मूळ कागद काढून एकेक अक्षर जुळवलं. अँटिबॉडीच्या विष पकडणाऱ्या मुख्य वळणातलं एक अमिनो आम्ल टाइप करताना त्याच्याकडून गळलं होतं. पुढचं सगळं एक घर सरकलेलं. मी वळण नव्यानं बांधलं. आता विषाच्या प्रथिनावरची एक जागा ठळक दिसली. ही जागा बदलली तर पकड सुटेल. यादी आणि प्रोग्रामची प्रत मी सरांना दिली. "बघतो," म्हणाले.

काही महिन्यांनी प्रयोग झाला. जागा बदलली. पकड सुटली. लॅबमध्ये पेढे वाटले. मीही खाल्ला.

मग संस्थेचा सेमिनार. मुरली बोलायला उभा. प्रोजेक्टरवर एकामागून एक माझ्या याद्या. माझं वळण. माझी जागा. शेवटच्या पारदर्शिकेवर आभार. त्यात तळाला माझं नाव, आणि पुढं: प्राण्यांची निगा राखल्याबद्दल.

मी उठले. कधी उठले, कळलं नाही. मी इंग्रजीत म्हणाले, "हे काम माझं आहे."

सर पहिल्या रांगेतून वळले आणि मराठीत, हळू, म्हणाले, "बस खाली. आपण आपसात बोलू."

आपसात! तिथं मराठी कळणारे आम्ही दोघंच. माझीच भाषा माझ्या तोंडावर दाबली होती.

मी बसले नाही. मुरलीला इंग्रजीतच विचारलं, त्या यादीच्या डोक्यावर रोमन लिपीत 'भिडलेले' लिहिलंय, त्याचा अर्थ काय? तो म्हणाला, गणिती पद्धतीचं नाव आहे. मी म्हटलं, "तो मराठी शब्द आहे. माझ्या प्रोग्राममधली सगळी नावं मराठी आहेत. सरांना विचारा, त्यांना वाचता येतात."

सर कागद चाळत राहिले. ती यादी पहिल्यांदा पाहिली तेव्हाच त्यांना ती वाचता आली होती. त्यांना सगळं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी टाइप केलेलं माफीपत्र पुढं ठेवलं. मी मानसिक ताणाखाली खोटा आरोप केला, असा मजकूर. "सही कर. आपल्या रिसर्च पेपरात चौथं नाव तुझं घालतो. तुझ्या भल्याचं सांगतोय." मी वाचलं. आई डोळ्यांपुढं आली. हात पेनाकडे गेलाही.

पण त्या पत्रात मी स्वतःच स्वतःला पुसणार होते.

पेन खाली ठेवलं. संचालकांना अर्ज लिहिला, प्रोग्रामचे हातानं लिहिलेले सगळे कागद जोडले. चौकशी समिती बसली. 'गैरसमज' म्हणाली. पेपर माझ्या नावाशिवाय छापून आला. फेलोशिप थांबली. सात महिने एकही गाईड मला घेईना. मी मारतहळ्ळीला एका मुलीबरोबर खोली घेतली, शिकवण्या केल्या, आणि घरी पहिल्यांदा खरं पत्र लिहिलं. शेवटी दुसऱ्या विभागातल्या एका बाईंनी घेतलं. त्यांनी एवढंच विचारलं, प्रोग्राम कुठाय? डिग्री तीन वर्षं उशिरा मिळाली. सरांना पुढं मोठा सन्मान मिळाला. मुरली परदेशी गेला. कुणीही माफी मागितली नाही. मी त्यांना माफ केलेलं नाही, करणारही नाही.

आता मी जो प्रोग्राम लिहिते, त्याच्या पहिल्या ओळीत माझं नाव असतं, आईचं असतं, वडिलांचं असतं. ज्याला ते नको असेल त्यानं स्वतःच्या हातानं खोडावं. आणि खोडलं तर मी पुन्हा भर सभेत उभी राहीन, सगळ्यांना कळेल अशा भाषेत विचारीन.