ढाल खाली

प्रयोगशाळेत तिला सगळे चिमटाबाई म्हणत, अर्थात पाठीमागे. बावीस वर्षं तिच्या हातात चिमटा होता, पण नाव त्यावरून पडलं नव्हतं, जिभेवरून पडलं होतं. शिपाई तिच्या टेबलाखालची फरशी पुसायला कचरत असे. नवीन संशोधक पोरं आपल्या चुका थेट प्रमुख मॅडमना जाऊन सांगत, कारण मॅडम नुसत्या रागावत.

तिचं काम ऐकायला सोपं. फुलोऱ्यानंतर चौदाएक दिवसांनी गव्हाचा दाणा हिरवा, चिकाने भरलेला असतो. तो औषधाच्या पाण्यात धुवायचा, चिमट्यात धरायचा आणि बुडाशी चीर देऊन आतला गर्भ अलगद बाहेर काढायचा. गर्भ म्हणजे मिलिमीटरभर पांढरा ठिपका. त्याची एक बाजू चपटी, तिला सगळे ढाल म्हणत. दुसऱ्या बाजूला कोंबाचं टोक. ढाल वर करून तो डिशमधल्या जेलीसारख्या खाद्यावर ठेवला की अंधारात त्याची गाठ वाढते. गाठ उजेडात आणली की तिला हिरवे फुटवे येतात आणि एका गर्भाची बरीच रोपं होतात. व्हायला हवीत. प्रत्यक्षात शंभरातल्या वीस गाठी फुटत, बाकीच्या मुळ्या सोडत नाहीतर काळ्या पडून मरत. चिमटाबाई म्हणे, गहूच हट्टी, त्याला मी काय करू?

लग्न तिने केलं नव्हतं. राहायची धाकट्या भावाकडे, आणि त्या घरात राज्य भावजयीचं. कुठला डबा कुठल्या फळीवर आणि पंखा कितीवर, सगळं भावजय ठरवणार. चिमटाबाईला हक्काने टेकायला तिथे एक खुर्ची नव्हती. ती होती इथे, लॅमिनारपुढे, म्हणजे गाळलेली हवा सोडणाऱ्या त्या काचेच्या कपाटापुढे. तिथे बसली की ती मालकीण.

मग भावाने गळ घातली, "हिलाही चिकटव ना तुझ्याकडे कुठेतरी." तिने मॅडमकडे शब्द टाकला. मायेने नव्हे. घरात ती माझ्या उरावर बसते, तिथे मी तिच्या बसेन, असा सरळ विचार. महिनाभर तिने भावजयीला फक्त काचेची भांडी घासायला लावली आणि घासलेली परत घासायला लावली. पण आपल्या पायावर धोंडा मारून घ्यायला माणसाला शत्रू लागतो थोडाच! घासलेल्या भांड्यांतली सफाई पाहून मॅडमनी एक दिवस जाहीर केलं, की नव्या प्रकल्पात गर्भ काढायला एकच जागा आहे. "दोघींनी आपापल्या शंभर गाठी तयार करा. जिच्या जास्त फुटतील ती राहील."

चिमटाबाईला जाड भिंगांचा चष्मा, भावजयीची नजर घारीची. तळपायाची आग मस्तकात गेली. त्यात भावजय विचारायला आली, "वन्सं, गर्भ ठेवायचा कसा?"

"ढाल खाली, टोक वर. एवढंही कळत नाही?"

ढाल खाली गेली की गाठ धरत नाही. शेतात उगवावा तसा सरळ कोंब निघतो आणि सगळं मुसळ केरात. हे चिमटाबाईला पक्कं ठाऊक होतं. तिला वाईट वाटलं नाही. उलट बरं वाटलं, फार दिवसांनी.

आठवड्याभरात भावजयीच्या डिशमध्ये कोंब तरारले. ती काही बोलली नाही. इथे नाही, घरी नाही, नवऱ्यापाशीही नाही. फक्त आपल्या डिश ठेवायच्या कपाटाला कुलूप लावलं आणि नव्या डिश भरायला घेतल्या. घाल कुलूप, चिमटाबाई मनात म्हणाली, आत आहे काय!

निकालाच्या दिवशी मॅडम आल्या, पोरं आली, शिपाईसुद्धा दाराशी उभा राहिला. चिमटाबाईच्या शंभरात बावीस गाठी फुटल्या होत्या. भावजयीच्या एकसष्ट.

"अहो, हे केलंत कसं?" मॅडम ओरडल्याच.

"मी कुठे? वन्संनीच तर शिकवलं." भावजय फार गोड हसली.

"मग बाई, इतकी वर्षं दडवून का ठेवलंत? बसा, दाखवा सगळ्यांना."

चिमटाबाई बसली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. गर्भ तिने सुरेख काढला आणि सवयीने ढाल वर करून ठेवला.

"असं नव्हे, वन्सं," मागून आवाज आला. "मला शिकवलंत तसं."

तिने गर्भ उलटा केला. ढाल खाली.

"अहो, असा तर कोंबच निघेल," मॅडम म्हणाल्या.

"निघालाच ना," भावजय म्हणाली. "म्हणून तर कळलं की खोड त्या टोकाची आहे. ढाल वर असली तरी ते खालून मुळ्या काढत बसतं, गाठीला वाढूच देत नाही. मी टोक आधी कापून टाकलं, मग ढाल वर ठेवली."

मॅडम चिमटाबाईकडे वळल्या. "तुम्ही हिला उलटं शिकवलंत? मुद्दाम?"

खोटं सुचलं असतं. पण भावजयीसमोर पुन्हा पकडलं जायची तिची तयारी नव्हती.

"मुद्दाम," ती म्हणाली.

भावजयीने हाताला स्पिरिट चोळलं आणि खुर्चीच्या अगदी जवळ येऊन उभी राहिली.

"सरका, वन्सं."

घरी ओट्यापाशी ती रोज याच आवाजात म्हणायची. चिमटाबाई सरकली.