डावीकडची फ्लॉपी

ती घटना आजही आठवते, आणि आधी नाकाला आठवते. मळीचा तो आंबूस गोड वास कुठे आला की कारखान्यातली ती लोखंडी टाकी डोळ्यांसमोर उभी राहते. टाकीच्या सावलीत चादरी घालून ठेवलेले दोन मजूर दिसतात आणि त्यांच्या पायाशी बसलेला मुकादम दिसतो.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी फौजदार म्हणून खात्यात लागलो. त्या काळी पुरावा म्हणजे कुऱ्हाड, रक्ताची माती, फाटका सदरा. पंचांसमोर उचलायचा, कापडात गुंडाळायचा, लाखेचं सील मारायचं आणि मुद्देमालाच्या खोलीत ठेवायचा. ही हकिकत मात्र माझ्या नोकरीच्या उतरत्या काळातली. आपल्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांत तेव्हा नुकते कॉम्प्युटर येऊ लागले होते. कोपरगावच्या बाजूला एक ठाणं माझ्याकडे होतं. कोणाचंही नाव लिहीत नाही, कारण यातली काही माणसं अजून हयात आहेत.

गळीत हंगाम संपला की मळीच्या टाक्या साफ करतात. मळी म्हणजे साखर काढून उरलेला काळा पाक. टाकी रिकामी केली तरी तळाशी थोडी राहते, ती आंबते आणि तिचा गॅस साचतो. त्या गॅसला रंग नाही, डोळ्यांना काही दिसत नाही. म्हणून टाकी उघडी ठेवायची, कारखान्याच्या केमिस्टने ती तपासायची, परवाना द्यायचा आणि मगच माणूस आत सोडायचा असा नियम. त्या दिवशी परवाना निघाला आणि मुकादमाने पहिला माणूस उतरवला. तो त्याचा सख्खा भाचा होता, बहिणीचा एकुलता एक. तळाला पाय लागतो न लागतो तोच तो कोसळला. त्याला काढायला दुसरा मजूर धावत उतरला, तोही गेला. तिसरा मुकादम स्वतःच उतरत होता, त्याला चौघांनी धरून ठेवलं.

इन्क्वेस्ट पंचनामा केला, प्रेतं शवविच्छेदनाला पाठवली. दुसऱ्या दिवशी केमिस्ट स्वतः ठाण्यात आले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, बोलणं गोड. त्यांनी परवान्याचा छापील कागद दिला. टाकी मुकादमाने तपासली आणि त्याच्याच जबाबदारीवर माणूस उतरवावा, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं. सोबत एक फ्लॉपी दिली. तळहाताएवढी, काळ्या चौकोनी पाकिटातली लवचीक चकती. म्हणाले, "साहेब, मूळ परवाना कॉम्प्युटरमध्ये आहे, ही त्याची नक्कल. कॉम्प्युटरची खोली तुम्हीच सील करा. उद्या कोणी म्हणायला नको की आम्ही हात लावला."

निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा मुकादमावर दाखल झाला. कलम जामीनपात्र होतं, पण जामीन राहायला गावातून कोणी फिरकलं नाही. त्याला स्वतःलाही जामीन नको होता. गावात एकच बोललं जात होतं, सख्ख्या मामाने न तपासता पोराला खाली सोडला. बहिणीने त्याचं तोंड पाहायचं नाही असं ठरवलं होतं.

मी त्याची चौकशी केली. तीस वर्षांच्या नोकरीत अशी चौकशी दुसरी आठवत नाही. आरोपी नाकारतो आणि आपण खोदतो, ही नेहमीची रीत. इथे उलटंच.

"मुकादम, टाकी तुम्ही तपासली होती का?"

"न्हाई साहेब. पर उतरवला मीच. दोर माझ्याच हातात हुता."

"मग न तपासता कसा उतरवला?"

"आमी विहिरीत उतरायच्या आधी कंदील सोडतो. कंदील इझला की माणूस सोडायचा न्हाई. त्या दिवशीबी कंदील आणला हुता म्या. केमिस्टसायेब म्हनले, खेडवळपना करू नका, टाकी म्या तपासलीय, परवाना कॉम्प्युटरमधी चढलाय. कागद मागितला तर म्हनले, संध्याकाळी छापून देतो."

"हे जबाबात का नाही सांगितलं?"

"सांगून काय व्हनार? कंदील म्या खाली ठिवला ना." एवढं बोलून तो भिंतीकडे तोंड करून बसला.

खोटं बोलणारा माणूस स्वतःला वाचवतो. हा स्वतःला बुडवत होता, आणि मला ते खटकलं. पण खटकणं कोर्टात चालत नाही. हातात छापील कागद होता आणि त्याच्याविरुद्ध बोलायला फक्त आरोपीचा शब्द.

खबर आली ती कारखान्याच्या फाटकावरच्या चहाच्या टपरीवरून. आमचे हवालदार तिथे रोज चहा प्यायचे. चहाचे पैसे देत असावेत, असा माझा समज आहे. कारखान्याच्या जीपचा ड्रायव्हर त्यांच्यापाशी बोलून गेला, "मढी दवाखान्यात पडलेली आन आमचं सायेब केडगावला कॉम्प्युटरच्या क्लासात. मला जीपमधी बसवून ठिवलं. मानूस मेलाय आन ह्यांना शिकायचं सुचतंय."

ड्रायव्हरला वाटलं, साहेबाला काळीज नाही. मला वेगळंच वाटलं. मी तो छापील कागद पुन्हा काढला. कारखान्याच्या प्रिंटरचा कागद मी पाहिला होता. सलग घड्यांचा, दोन्ही कडांना भोकं असलेला. हा साधा, सुटा कागद होता.

केडगावला माणूस पाठवला. क्लासचा मालक सरळ होता. हो म्हणाला, साहेब आमचेच जुने विद्यार्थी. फ्लॉपी घेऊन आले, काहीतरी दुरुस्त केलं, एक पान छापलं आणि गेले. काय दुरुस्त केलं ते त्याने पाहिलं नव्हतं.

म्हणजे कागद केडगावात तयार झाला. पण वकील म्हणणार, कारखान्याचा प्रिंटर बिघडला होता म्हणून तिकडे छापला. मूळ परवान्यात कोणाचं नाव होतं, हे कळल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. परवाना टाइप कोणी केला, असं केमिस्टला पूर्वी विचारलं तेव्हा ऑपरेटरबाई रजेवर आहेत असं उत्तर मिळालं होतं. मी तिला घरून बोलावून घेतलं. कोपरगावातली मुलगी, वडील शिक्षक. वडिलांसोबत आली आणि खुर्चीच्या कडेवर बसली.

"रजेवर नाही सर, मला घरीच बसायला सांगितलंय. परवाना मीच टाइप केला. केमिस्टसाहेबांनी मागे उभं राहून सांगितला. टाकी मी तपासली, असं त्यांच्याच नावाने होतं."

"मग इतके दिवस गप्प का?"

ती वडिलांकडे पाहायला लागली. वडीलच म्हणाले, "साहेब, खोलीची किल्ली त्यांच्याकडे. आता आत त्यांनी बदललेलंच असणार. माझ्या मुलीच्या शब्दाला विचारतो कोण?"

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. मी म्हटलं, निदान फ्लॉपी तरी बघू. हवालदारांना मुद्देमाल आणायला सांगितलं. त्यांनी आणला आणि मला कपाळावर हात मारावासा वाटला. आमच्या हवालदारांनी नियमाप्रमाणे मुद्देमालाला चिठ्ठी लावली होती. चिठ्ठी लावायची म्हणजे दाभणाने भोक पाडायचं, दोरा ओवायचा, गाठ मारायची आणि गाठीवर लाख. कुऱ्हाडीच्या दांड्याला दोरा बांधता येतो, सदरा टोचला तर बिघडत नाही. त्यांनी फ्लॉपीसुद्धा सदऱ्यासारखीच टोचली होती, आतल्या चकतीतून आरपार.

"सायेब, पक्की बसलीय, सुटायची न्हाई," हवालदार कौतुकाने म्हणाले. मुलीने ती उजेडाला धरून पाहिली आणि टेबलावर ठेवली. भोक पडलेली फ्लॉपी मशीन वाचू शकत नाही. मी हवालदारांना जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता उरली सील केलेली खोली. मी दोन पंच घेतले, ऑपरेटरला घेतलं, केमिस्टला हजर राहायची नोटीस दिली आणि कारखान्यात गेलो. सील तोडलं. दारात केमिस्ट म्हणाले, "बूट बाहेर, साहेब. धूळ चालत नाही." आम्ही सगळे बूट-चपला काढून आत गेलो. चादरीखालचे ते दोघेही अनवाणीच होते, हे मला तेव्हा आठवलं आणि या माणसाचा राग आला.

ते मात्र निर्धास्त होते. "उघडा ना. मशीन काही माणसासारखं खोटं बोलत नाही," असं त्यांनी पंचांकडे पाहून म्हटलं.

मुलीने मशीन चालू केलं. निळा पडदा आला. फायली पाहायला, हलवायला, नकला करायला एक प्रोग्राम होता, ऑपरेटर लोक त्याला नुसतं शेल म्हणत. पडद्याचे दोन भाग. एका बाजूला मशीनमधल्या फायलींची नावं, दुसऱ्या बाजूला फ्लॉपीवरच्या. ज्या बाजूला पट्टी उभी असेल तिथली फाईल, बटन दाबलं की समोरच्या बाजूला उतरते. एवढं मला पोलिसाच्या डोक्यानेही समजलं.

तिने मशीनमधला परवाना उघडला. मी पंचांना मोठ्याने वाचायला सांगितलं. त्यातले एक शाळामास्तर होते, इंग्रजी वाचून त्यांनी मराठीत सांगितलं. टाकी मी स्वतः तपासली आहे, माणूस उतरवण्यास हरकत नाही. खाली नाव केमिस्टचं.

केमिस्ट दोन पावलं पुढे आले, पडद्याकडे वाकले आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "पण मी तर ही बदलली होती."

दोन पंचांनी ते ऐकलं. केमिस्टच्याही ध्यानात आलं की आपण काय बोललो, पण शब्द बाहेर पडले होते. त्यांनी बसायला खुर्ची मागितली.

असं झालं कसं, हे मलाही कळेना. मी मुलीला विचारलं. तिने पडद्याच्या डाव्या भागावर बोट ठेवलं. "सर, माझी फ्लॉपी डावीकडे असते, मशीन उजवीकडे. फ्लॉप्यांचं कपाट टेबलाच्या डाव्या हाताला आहे ना. हात जातो तिकडेच पडद्यावर पण ठेवते, म्हणजे चूक होत नाही."

"आणि क्लासमध्ये?" मी केमिस्टना विचारलं.

"उलटं," ते खालमानेने म्हणाले. "मशीन डावीकडे, फ्लॉपी उजवीकडे. सगळीकडे तसंच असतं."

मग सगळा उलगडा झाला. मूळ परवाना त्यांनी फ्लॉपीवर घेतला, केडगावला नाव बदललं, कागद छापला. परत येऊन बदललेली फाईल मशीनमध्ये चढवायला बसले. घाईत होते, हाताला क्लासची सवय. पट्टी उजवीकडे नेली, फ्लॉपी समजून, आणि नक्कल करायचं बटन दाबलं. मशीनने विचारलं, याच नावाची फाईल समोर आहे, तिच्यावर चढवू का? त्यांना तेच हवं होतं. हो म्हणाले. पण उजवीकडे मशीन होतं. खरी फाईल फ्लॉपीवर चढली आणि त्यांनी रचलेली खोटी फाईल स्वतःच्या हाताने पुसली गेली. कोणती बाजू कोणाची हे सांगणारं अक्षर वर कोपऱ्यात असतं, ते त्यांनी वाचलं नाही. उघडून पाहायचीही तसदी घेतली नाही. मग तीच फ्लॉपी, खऱ्या परवान्यासकट, ऐटीत आमच्या ठाण्यात जमा करून गेले आणि वर खोलीला सील मारून घेतलं. आमच्या हवालदारांनी दाभण मारलं नसतं तर मुकादम आठवडाभर आधी सुटला असता.

पुढच्या चौकशीत केमिस्टनी सगळं सांगितलं. टाकी तपासलीच नव्हती. साफसफाईला उशीर झाला होता, वरून विचारणा होत होती, मागच्या वर्षी काही झालं नव्हतं, मग यंदा काय होणार. पोलिसांपुढची कबुली कोर्टात धरत नाहीत, पण पंच, ड्रायव्हर, क्लासचा मालक आणि ती मुलगी साक्षीला ठाम उभे राहिले. केमिस्टना शिक्षा झाली. अपिलात ती कमी झाली. दोन माणसांच्या जिवापुढे ती मला तेव्हाही कमी वाटली आणि आजही वाटते.

मुकादमाविरुद्ध पुरावा नाही असा अहवाल कोर्टात दिला आणि त्याला सोडवलं. सुटकेच्या दाखल्यावर अंगठा घेण्यासाठी दुपारी तो ठाण्यात आला. आदल्या दिवशी मी मुद्दाम त्याच्या बहिणीकडे माणूस पाठवून सगळं कळवलं होतं. खरं सांगतो, माझी अपेक्षा होती की ती येईल, भावाच्या गळ्यात पडेल आणि आम्हालाही केल्या कामाचं समाधान वाटेल.

ती आली. फडक्यात भाकरी बांधून आणली होती. बाकावर त्याच्या शेजारी बसली, गाठ सोडली, भाकरी त्याच्या पुढ्यात ठेवली. तो हात लावेना.

"तुजं नाव न्हवतं कागदावर. कळलं मला," ती म्हणाली. "मला येकच सांग. त्यानं हाक मारली हुती का?"

मुकादमाने मान वर केली नाही. "मारली."

"काय म्हनला?"

"मामा म्हनला."

मग तिने भाकरीचा तुकडा मोडला आणि त्याच्या हातात दिला. दोघंही रडत होते. मी हवालदारांना खुणेने बाहेर काढलं आणि स्वतःही बाहेर व्हरांड्यात येऊन उभा राहिलो.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. पूर्वी मी सांगायचो की गुन्हेगाराची सवयच त्याला पकडून देते. ते खरंच आहे, ट्रेनिंग स्कूलमध्ये पोरांना मी हेच सांगत आलो. पण माझ्यापुरतं बोलायचं तर माझ्या मनात राहिला आहे तो कंदील. मुकादम घरून तो घेऊन आला होता आणि एका शिकलेल्या माणसाच्या शब्दावर त्याने तो खाली ठेवला. पंचनाम्यात मीच त्याची नोंद केली होती. टाकीच्या शिडीपाशी एक कंदील, काच शाबूत, तेल भरलेलं, वात न पेटवलेली.