हळदीकुंकवात न चालणारं तोंड

"असलं तोंड घेऊन हळदीकुंकवात फिरू नकोस. बायका येणारेत. पोरीला ठेव, तू जा."

गंगापूर रोडवरच्या बंगल्याच्या मागच्या दारात वहिनी आईला म्हणाल्या. संक्रांतीचं हळदीकुंकू. आईचा डावा डोळा सुजून बंद झालेला. ओठ फाटलेला. सहा वर्षं ती तिथे धुणीभांडी करत होती. पदर पुढे ओढून परत फिरली. मी सातवीत. कप विसळायला बसले.

डोळा कशाने सुजला ते वहिनींना ठाऊक होतं. आदल्याच दिवशी आई त्यांच्यापुढे रडली होती. "चौकीत सोबत याल का वहिनी? तुमचं ऐकतील. मला नुसते हसतात."

"आम्हाला यात ओढू नकोस बाई. तुमच्या लोकांत हे चालतंच."

चालतंच. नळाला पाणी येतं तसं.

हॉलमध्ये तिळगूळ, अत्तर, वाणाच्या स्टीलच्या वाट्या. मी चहाचा ट्रे घेऊन गेले. एका बाईंनी विचारलं, "हिची आई दिसत नाही आज?"

"नळावर घसरली," वहिनी म्हणाल्या आणि माझ्याकडे पाहिलं. मान हलव, असं ते पाहणं.

हे उत्तर आईनेच आमच्याकडून पाठ करून घेतलेलं. शाळेत, दवाखान्यात, मामाला हेच सांगायचं. मीही कितीदा सांगितलं होतं. त्या दिवशी तोंडातून निघेना.

"घसरली नाही. बापाने मारलं. वहिनींना माहितीये."

एकीने वाटी पर्समध्ये टाकली. "चला, उशीर झाला."

दुसऱ्या दिवशी आईचं काम गेलं. तिने मला मारलं नाही. एवढंच म्हणाली, "खरं बोललीस गं. पण कुणापुढे?"

त्या डोळ्याने तिला आजही दिसत नाही. विचारलं तर मोतीबिंदू सांगते.

आज मी एका महिला संस्थेत काम करते. मार खाणाऱ्या बायकांच्या तक्रारी लिहून घेते, मदतीची पत्रकं वाटते. वस्तीत वाटते, बंगल्यांतही वाटते. वॉचमन म्हणतो, "इकडं असलं काय नसतं ताई." तरी वाटते.

परवा वस्तीत एकजण भेटली. गळ्यावर बोटांचे वळ. "नळावर घसरले ताई."

मी ते लिहिलं नाही. पेन बंद केलं. तिच्याशेजारी बसून राहिले. ती खरं बोलेपर्यंत. मग आम्ही दोघी चौकीत गेलो. तक्रार लिहून घेईपर्यंत मी बाकावरून उठले नाही. वळ मी पाहिलेत, हे माझ्या नावानिशी लिहून दिलं.

वहिनींना एवढंच करायचं होतं. त्यांनी केलं नाही. मी करणार. दर वेळी.