वहिनींचा मोकळा कान

आयुष्यातलं पहिलं बक्षीस मी वहिनींचे कान मोकळे करून मिळवलं. ही गोष्ट बरीच वर्षं मी कुणाला सांगितली नव्हती.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी उचगावात थोरल्या भावाकडे राहून कोल्हापुरात चित्रकला शिकत होतो. वहिनी गडहिंग्लजकडच्या. माझा डबा, माझे रंगाने माखलेले शर्ट, सगळं त्यांच्याच अंगावर. एका रविवारी त्या न्हाऊन, डोक्याला पंचा गुंडाळून मागच्या दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. गालावर छान उजेड पडला होता.

"वैनी, हलू नका. आणि कानातल्या कुड्या तेवढ्या काढा."

"सवाशिणीनं कान मोकळं ठेवायचं व्हय, भावजी? तुमच्या आईंनी बघितलं तर मला सोडतील व्हय?"

तरी त्यांनी मधलं दार लोटलं, मोत्याच्या कुड्या काढून पदराच्या गाठीत बांधल्या आणि चार रविवार तशा बसल्या.

मला गरिबी दाखवायची होती. परीक्षकांना तेच आवडतं, असं आम्हा पोरांत बोललं जाई. प्रदर्शनात चित्राखाली कार्ड लावायचं होतं. मी लिहिलं, 'मोलकरीण'.

बक्षीस लागलं. वहिनी शेजारच्या दोघींना हौसेनं घेऊन आल्या. एकीनं कार्ड मोठ्यानं वाचलं.

"अगं बया, ही तर तूच की! कुणाची भांडी घासाय जातीस?"

वहिनींनी एकदा कार्डाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"ती मी न्हाय," त्या म्हणाल्या. "दुसरी कोण तरी हाय."

मी हातभर अंतरावर उभा होतो. एक शब्द बोललो नाही.

ते चित्र चादरीत गुंडाळून मी माळ्यावर टाकलं. पुढं शाळेत चित्रकलेचा मास्तर झालो, कसबा बावड्यात घर केलं, तेव्हा ते नव्या माळ्यावर गेलं. दिवाळीला उचगावला गेलो की वहिनी पहिला लाडू माझ्याच ताटात वाढायच्या. तो मी ताटाच्या कडेला सारत असे.

दहा-बारा वर्षांनी शहरातल्या एका फिल्म क्लबात एका जगप्रसिद्ध डच चित्रामागची गोष्ट कल्पनेनं रचलेला सिनेमा लागला. चित्रकार घरातल्या मोलकरणीला समोर बसवतो, डोक्याला कापड बांधायला लावतो, तिचा कान टोचतो आणि बायकोचा मोती तिच्या कानात घालतो. मला खुर्चीत बसवेना. त्यानं मोलकरणीच्या कानात मोती घातला होता. मी घरच्या लक्ष्मीच्या कानातला काढून तिला मोलकरीण केलं होतं.

तोंडानं सांगायचा धीर नव्हता, म्हणून दुसऱ्या खेळाला वहिनींना घेऊन गेलो. संवाद इंग्रजी होते. मी हळू आवाजात अर्थ सांगत होतो. कान टोचताना त्यांनी "आई गं" म्हणून स्वतःचा कान धरला. शेवटी त्या मोत्यांची जोडी त्या पोरीकडे पोचते. वहिनी म्हणाल्या, "मिळालं की शेवटाला तिला."

बाहेर आल्यावर पायरीवरच मी म्हणालो, "वैनी, त्या कार्डावर मी..."

"ठाव हाय." त्या चपला घालत होत्या. "मला मोलकरीण म्हटल्याचं वाईट न्हाय वाटलं, भावजी. घासतोच की भांडी. तुम्ही 'ही माझी वैनी' म्हणाला न्हाईत."

मी तिथंच रडलो. त्यांनी पदर पुढं केला नाही. रडू दिलं. मग म्हणाल्या, "हाय का ते चित्र? का उंदरांनी खाल्लं?"

पुढच्या रविवारी वहिनी कुड्या घालून माझ्या घरी आल्या. नवं चित्र काढतो म्हणालो, तर नको म्हणाल्या. "जुन्यातला ह्योच मोकळा कान भरा."

मी खिडकीशी जुनं चित्र ठेवलं आणि बारीक ब्रश घेतला. वहिनींच्या केसांत आता पांढरं होतं, पण कुड्या त्याच होत्या.

"खालचा मोती जरा थोरला हाय," माझ्या मागं येऊन त्या म्हणाल्या. "नीट बघा की, मास्तर."

मी पुसून पुन्हा काढला. मग नवं कार्ड कापलं, त्यावर त्यांचं पूर्ण नाव लिहिलं आणि पुढं 'माझी वहिनी'. त्यांनी ते एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचलं.

"रंग वाळला की आमच्याकडं आणा," त्या म्हणाल्या. "दारासमोरच लावायचं. त्या शेजारणीला वाचून दाखवाय पायजे."