पक्कड कुणी धरायची

“घरात पक्कड आहे की. चांगली बत्तीस वर्षांची.”

“म्हणूनच तर. तिने दरवेळी केबलच्या तारा पिंजतात, बाबा. आणि ती धरून ठेवायला वेगळं माणूस लागतं.”

“लागू दे की मग.”

“वेगळं माणूस म्हणजे मी,” ऋजुता म्हणाली.

बापलेकीच्या मधे सायकल टांगलेली होती. डोंबिवलीच्या त्या घराच्या गॅलरीत पूर्वी झोपाळा होता. पत्नी हेमाताई गेल्या आणि वर्षभरात गुरुदत्त सोमणांनी तो उतरवून ठेवला. एकट्याने झोके कसले घ्यायचे? कड्या तेवढ्या राहिल्या. आता त्यांना दोरीने सायकल लटकवायची आणि मागचं चाक गरागरा फिरवत गिअर बघायचे. बहात्तराव्या वर्षी रोज सकाळी शीळफाट्यापर्यंत जाऊन येणारा हा माणूस. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढण्यात जन्म गेलेला, त्यामुळे साखळी जराशी कुरकुरली तरी त्यांना ती आपल्याच हातची चूक वाटे.

साखळी कुरकुरली की गिअरची केबल ताणायची. रीत ठरलेली: एकाने पकडीने तार ओढून धरायची, दुसऱ्याने बोल्ट आवळायचा. आधी हेमाताई ओढायच्या. गेली तीन वर्षं ऋजुता ओढते. त्यासाठी एक रविवार आड ती घोडबंदरहून गाडी काढून येते. तार धरलेली असताना सोमण तिला श्वासही घेऊ देत नाहीत. मग पोहे होतात, चहा होतो, तिच्या साहेबाची नक्कल होते, आणि दोनच्या ठोक्याला ती निघते. पुढचे तेरा दिवस सोमण बोलतात ते दूधवाल्याशी. अर्धा लिटर, एवढंच.

आज ती येतानाच खोकं घेऊन आली होती. त्यातलं केबल कापायचं कटर सोमणांना पसंत पडलं. जुन्या तारेचा तुकडा कापून त्यांनी टोक भिंगाखाली धरलं, एकही तार पिंजली नव्हती. बोल्ट फिरवायच्या ॲलन कीचा जुडगाही कौतुकाने ठेवून घेतला. घोडं अडलं तिसऱ्या हत्यारापाशी. दिसायला पकडीसारखंच, पण हे तार ओढून धरतं आणि आपलं आपण अडकून राहतं. सोमण म्हणाले, स्प्रिंग नाजूक आहे. मग म्हणाले, मूठ जाड आहे. मग विचारलं, परत करता येतं ना?

ऋजुता वाद घालत बसली नाही. तिने हत्यार तारेला लावलं, दाबलं आणि जादूगारासारखे दोन्ही हात मोकळे करून दाखवले. तार ताठच राहिली. सोमणांनी ती बोटाने छेडली. स्वच्छ वाजली. माणसाने धरलेली तार अशी वाजत नाही, हात जरा तरी थरथरतोच.

“आता तुझं तुला करता येईल,” ती म्हणाली. सुटल्याचा आनंद तिच्या आवाजात होता आणि तो लपवायचं तिला सुचलंही नाही.

बोल्ट आवळायला ती वाकली आणि तशीच थांबली. तिने बोल्ट अजून सैल केलाच नव्हता. तरी तार सरकली होती.

मागच्या खेपेला तिने बोल्टपासून खालच्या पट्टीपर्यंत नेलपॉलिशची एक रेघ ओढून ठेवली होती, केबल सारखी ढिली का पडते ते कळावं म्हणून. पट्टीवरची अर्धी रेघ जागेवर होती. बोल्टवरची अर्धी पाठ फिरवून बसली होती.

“शीळफाट्याच्या खड्ड्यांनी बोल्ट एवढा फिरत नाही, बाबा.”

सोमण भिंग पुसत राहिले.

“दरवेळी तूच सैल करतोस?”

भिंग पुसून स्वच्छ झालं होतं. तरी ते पुसत होते.

“नुसतं ये म्हणाला असतास,” ती हळूच म्हणाली, “तर मी आले नसते का?”

सोमणांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्या अडकून राहिलेल्या हत्याराकडे. मग खुंटीवरची दुधाची पिशवी काढली. सकाळचं अर्धा लिटर दूध फ्रिजमध्ये तसंच होतं. “दूध आणतो,” म्हणत त्यांनी चपला पायांत सरकवल्या आणि ते जिना उतरायला लागले.