वर सरकलेली भारंगी

माझी बायको गेल्या आषाढात गेली. वर्षश्राद्धाला तिच्या पानात भारंगीची भाजी वाढायचीच, असं मी ठरवलं होतं. दर पावसाळ्यात ती राधानगरीकडं माहेरी जाऊन डोंगरातली कोवळी पानं खुडून आणायची. उकळायची, कडू पाणी टाकायची, डाळ घालून परतायची. माझी शाळा चौथीपर्यंत, पण ताटातलं मला कळतं.

उचगावातनं एसटी धरून तिच्या माहेरी, तिथंच दिलेल्या मेव्हणीकडं गेलो. तिनं साठी ओलांडली, तरी जिभेची धार तशीच. पायथ्याची ओढ्याकाठची जागा मला पाठ. नवीन लग्न झालेलं तवा आम्ही दोघंच तिथं जायचो. मेव्हणीला घेऊन गेलो, बघतो तर भारंगीचं एक पान नाही.

"कुणी उपटली गं?"

"कोण उपटतंय, दाजी? उन्हाळा तापाय लागला तशी खालची वाळली. वर गारव्याला बी रुजतंय. कॉलेजची माणसं बघून गेली, लई झाडं अशी वर निघाल्यात म्हणं."

"किती वर?"

तिनं हात केला तिथं ढग टेकला होता. "उठा की. बसलाय नवरदेवागत!"

चढताना तीनदा टेकलो. गुडघे ऐकेनात. मग विचारलं, "तुझी आक्का कुठवर यायची?"

"आधी त्या जांभळीपतोर. मग कातळापतोर. शेवटच्या साली पार वर."

त्या साली ती घरी आली ती दिवेलागणीला. एवढ्याशा पाल्यासाठी दिवस घालवलास व्हय, म्हणून मी तिच्यावर ओरडलो होतो. तिनं पाय धुतले आणि भाजी निवडाय बसली.

वर कातळाच्या सावलीला भारंगी होती, टवटवीत. खुडता खुडता म्हटलं, "तिला लई आवडायची."

मेव्हणी हसलीच. "आक्काला? कडू म्हणून तोंड वाकडं करायची. घास कधी खाल्ला न्हाय तिनं. तुमास्नी आवडती म्हणून चढायची."

जन्म काढला एका घरात, आणि मला हे ठाऊक नव्हतं. पानं हातात धरून उभा राहिलो.

"मग तिला काय आवडायचं?" विचारताना लाज वाटली.

"ओल्या नारळाची करंजी. हितं आली की मी करायची."

श्राद्धाला मेव्हणी करंज्या घेऊन आली. बायकोच्या पानात त्याच वाढल्या. भारंगी मी माझ्या हातानं केली आणि माझ्या पानात घेतली. पाणी नीट काढलं नव्हतं, कडूजहर झालती. सगळी खाल्ली.